भंडारदरा जलाशयाभोवतालच्या डोंगरवाटा : एकदिवसीय भ्रमंतीचे नियोजन

सह्याद्रीच्या मुख्य रांगेत, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेल्या विल्सन धरणामागे भंडारदऱ्याचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. ब्रिटिश काळात ‘आर्थर लेक’ म्हणून ओळखला जाणारा हा जलाशय आज आद्य क्रांतिवीर राघोजी भांगरे यांच्या नावाने ओळखला जातो. धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट क्षमतेच्या या जलाशयाच्या उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, नैर्ऋत्येस रतनगड आणि पश्चिमेस घाटघरचा कोकणकडा आहे. एका पाण्याभोवती इतक्या भिन्न प्रकृतीच्या वाटा एकत्र आढळणारी ठिकाणे सह्याद्रीत मोजकीच आहेत.

गोव्यातून दरवर्षी अनेक गट या परिसरात भ्रमंतीसाठी जातात. साळावली वा अंजुणे धरणाचा परिसर ओळखीचा असला, तरी भंडारदऱ्याचे भूगोलमान वेगळे आहे. गोव्यातील सर्वोच्च शिखर, सत्तरीतील सोसोगड, साडेअकराशे मीटरांच्या आसपास आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. जलाशयाची पातळीच समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने हवामान, तापमान आणि दिवसाचे गणित किनारपट्टीवरील सवयीने मांडता येत नाही. येथील बहुतेक अडचणी अवघड कड्यांमुळे उद्भवत नाहीत. उशिरा केलेली सुरुवात, अपुरे पाणी आणि पावसाचा चुकलेला अंदाज यांमुळे त्या उद्भवतात. म्हणूनच या भ्रमंतीत पायांइतकेच महत्त्व आधी कागदावर केलेल्या आखणीला आहे.

परिसराची रचना

शेंडी हे धरणालगतचे गाव जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. निवास, भोजन, वाहने आणि बाजार यांची मुख्य सोय येथेच होते. शेंडीहून निघणारा रस्ता जलाशयाला वळसा घालून पुन्हा शेंडीस येतो. उत्तर बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावे घेत तो घाटघरला पोहोचतो. तेथून साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या गावांवरून दक्षिण बाजूने परततो. ही फेरी चाळीस किलोमीटरांहून थोडी अधिक भरते.

नियोजनात पहिली गल्लत होते ती या रचनेमुळे. धरणावरून पाहता रतनगड समोरच्या काठावर, हाकेच्या अंतरावर असल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात शेंडीहून रतनवाडी सुमारे अठरा ते वीस किलोमीटरांवर आहे आणि वळणांचा रस्ता पाहता पाऊण तास सहज जातो. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी हे गाव तर जलाशयाच्या फेरीवर नसून घोटी–राजूर मार्गावर आहे. शेंडीहून ते दहा-बारा किलोमीटर पडते. त्यामुळे ‘सकाळी कळसूबाई, दुपारी रतनगड’ असा बेत नकाशावर सुटसुटीत दिसला, तरी तो धोक्याचा ठरतो. एका दिवशी एकच चढाई, हा या परिसरातील पहिला नियम मानावा.

पाण्यातून होडीने रतनवाडी गाठण्याची कल्पना आकर्षक असली, तरी होडी मिळणे हे पाण्याची पातळी, वारा आणि हंगाम यांवर अवलंबून असते. परतीचा बेत होडीच्या भरवशावर आखू नये.

पाच वाटा, पाच प्रकृती

कळसूबाई : बारी गावातून शिखरापर्यंतची वाट सुमारे साडेसहा किलोमीटरांची असून चढण आठशे मीटरांहून अधिक आहे. वाट ठळक आहे. कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. शिखरावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. नवरात्रात येथे मोठी यात्रा भरते. या वाटेवर रस्ता चुकण्याचा धोका कमी, दमण्याचा आणि गर्दीत अडकण्याचा धोका अधिक. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात आणि तासभर तेथेच जाऊ शकतो. हा खोळंबा वेळापत्रकात आधीच धरावा.

रतनगड : सुमारे १२९७ मीटर उंचीच्या या गडाची वाट रतनवाडीतून सुरू होते. गावातील अमृतेश्वर मंदिर शिलाहारकालीन शिल्पवैभवासाठी प्रसिद्ध असून जवळच विष्णुतीर्थ ही पुष्करणी आहे. प्रवरा नदीचा उगम याच डोंगरात होतो. वाट आरंभी प्रवाहाच्या काठाने जाते, तो अनेकदा ओलांडते आणि मग दाट झाडीत शिरते. पुढे एक फाटा कात्राबाई खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो, तर दुसरा शिड्यांच्या मार्गे गडावर चढतो. अनोळखी गट याच फाट्यावर चुकतात. म्हणून स्थानिक वाटाड्या घेणे श्रेयस्कर. गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, रत्नाबाईची गुहा, पाण्याची टाकी आणि माथ्यावरील ‘नेढे’ ही मुख्य स्थळे. डोंगराला आरपार पडलेल्या या छिद्रातून वारा इतक्या वेगाने वाहतो की, लहान मुलांना तेथे मोकळे सोडू नये. त्र्यंबक दरवाजाने साम्रदकडे उतरणारी वाटही आहे. मात्र वाहन रतनवाडीत उभे असल्यास ती निवडण्यात अर्थ नाही.

सांदण दरी : साम्रद गावाजवळ भूपृष्ठाला पडलेली ही अरुंद घळ सुमारे दोन किलोमीटर लांब असून दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळभिंती आहेत. आरंभीच्या टप्प्यात थंड पाण्याचे डोह लागतात; हंगामानुसार पाणी गुडघाभर ते कंबरभर असते. पुढे मोठमोठ्या शिळांवरून उतरावे लागते. जेथे घळ एकदम खोल कोसळते, तेथून सर्वसामान्य भ्रमंतीकाराने परत फिरावे. त्याखालचा कोकणात उतरणारा मार्ग दोरखंड, साधने आणि प्रशिक्षित नेतृत्व यांशिवाय अशक्य आहे. पावसाळ्यात या घळीत पाऊलही ठेवू नये. वरच्या पठारावर पडलेला पाऊस घळीत असलेल्यास दिसत नाही. लोंढा येतो तेव्हा बाजूला सरकण्यास जागा उरत नाही.

घाटघरचा कोकणकडा : चालण्याची फारशी क्षमता नसलेल्यांसाठी ही सर्वांत सोपी निवड. रस्त्यालगतच्या थोड्या चालीनंतर सह्याद्रीची धार संपून कोकणाचा तळ दिसू लागतो. येथील उदंचन जलविद्युत प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॅट आहे. कड्याच्या काठावर धुक्यात छायाचित्रे घेण्याचा मोह टाळावा. ओल्या गवताखाली जमीन संपल्याचे कळत नाही.

जलाशयाकाठची पायवाट : मुरशेत वा रतनवाडी परिसरात काठाने दोन-तीन तासांची सपाट चाल करता येते. प्रवासाच्या दिवशी किंवा मोठ्या चढाईनंतरच्या दिवसासाठी ती योग्य. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडा पडणारा काठ वरून सुकलेला दिसतो, परंतु खाली मऊ गाळ असतो. त्यात पाय रुततात. जलाशयात पोहण्यासाठी उतरू नये; काठ अनेक ठिकाणी अकस्मात खोल होतो.

अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गत्रिकूट याच परिसरात असले, तरी कातळारोहणाची गरज असल्याने ते या लेखाच्या कक्षेबाहेरचे आहे.

वेळेचे गणित

डोंगरातील वेळ मोजण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. सपाटीवरील दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरांना एक तास. आणि चढणीच्या दर दोन हजार फुटांना, म्हणजे सुमारे सहाशे मीटरांना आणखी एक तास. कळसूबाईला तो लावून पाहता साडेसहा किलोमीटरांचा सव्वा तासाहून थोडा अधिक आणि आठशे मीटर चढणीचा सुमारे एक तास वीस मिनिटे, असे पावणेतीन तास होतात. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या व्यक्तीचा आहे. मिश्र वयाच्या गटाने त्यात किमान एक तृतीयांश भर घालावी. म्हणजे चढाईस साडेतीन ते चार तास, उतरण्यास अडीच तास आणि माथ्यावर एक तास, असे सात ते साडेसात तास हाती ठेवावे लागतात.

आता हे गणित उलट दिशेने मांडावे. डिसेंबरमध्ये येथे सूर्योदय सातच्या सुमारास आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. उतरण्यास अडीच तास आणि अनपेक्षित खोळंब्यासाठी एक तास राखल्यास दुपारी अडीच वाजता, गट कुठेही असला तरी, परत फिरणे आवश्यक ठरते. ही ‘परतीची वेळ’ निघण्यापूर्वीच ठरवून गटातील प्रत्येकाला सांगावी. शिखर अर्ध्या तासावर दिसत असताना मागे फिरणे मनाला जड जाते. वेळ आधीच ठरलेली असली की, तो निर्णय थकलेल्या मनाने नव्याने घ्यावा लागत नाही. दऱ्यांच्या पोटात आणि दाट झाडीत सूर्यास्ताच्या बराच आधी अंधारते, हेही ध्यानी असावे.

सकाळी सातच्या आत पायथा सोडणे हे सर्व ऋतूंत हिताचे. त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम शेंडी, बारी किंवा रतनवाडीतच असावा. पहाटे नाशिक वा इगतपुरीहून निघून त्याच दिवशी चढाई करण्याचा बेत बहुधा उन्हाच्या तडाख्यात सापडतो.

ऋतूनुसार निवड

जून ते सप्टेंबर हा मुसळधार पावसाचा काळ. घाटघर, रतनवाडी परिसर जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा असून घाटघरला जिल्ह्याची ‘चेरापुंजी’ म्हटले जाते. या दिवसांत धबधबे, ढग आणि भातखाचरे मन मोहून घेतात. तथापि सांदण दरी पूर्णतः वर्ज्य समजावी आणि रतनगडाची वाट जोरदार पावसात टाळावी. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी कंबरेच्या वर गेलेला असू शकतो. अशा वेळी पलीकडे जाण्याचा अट्टहास न करता उंच जागी थांबून पाणी उतरण्याची वाट पाहावी. सह्याद्रीतील ओढे जसे झपाट्याने चढतात, तसे पावसाचा जोर ओसरताच उतरतातही. हवामान खात्याने जिल्ह्यासाठी लाल वा नारंगी इशारा दिला असेल, तर बेत पुढे ढकलावा. जिल्हा प्रशासन व वनविभाग अशा काळात पर्यटनबंदीचे आदेशही काढतात. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांची चौकशी करावी.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ. रतनगडाचा माथा सोनकीच्या पिवळ्या फुलांनी झाकला जातो. जलाशय भरलेला, हवा स्वच्छ आणि वाटा अद्याप ओल्या असतात. पहिल्या भेटीसाठी याहून उत्तम काळ नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चढाईसाठी सर्वांत सुखकर हंगाम. मात्र रात्रीचे तापमान दहा अंशांखाली उतरू शकते. गोव्यातील थंडीच्या सवयीने नेलेली पातळ शाल येथे पुरत नाही. लोकरी वस्त्र व कानटोपी घ्यावी.

मार्च ते मे या काळात कळसूबाईच्या उघड्या सोंडेवर सावली अत्यल्प असते. चढाई करायचीच असल्यास उजाडताच सुरुवात करून दहाच्या आत माथा गाठावा. मेअखेर ते पहिल्या पावसापर्यंत येथील झाडांवर असंख्य काजवे लुकलुकतात आणि त्यांना पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. काजव्यांचा प्रकाश हा नर-मादीतील संकेत असतो. वाहनांचे दिवे, विजेऱ्या आणि छायाचित्रणाचे झगमगाट यांमुळे तो संकेत हरवतो आणि त्यांचे प्रजनन बाधित होते. झाडाखाली जाऊन फांद्या हलविणे, गवतात वाहने घालणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत; जमिनीवरील माद्या व अंडी त्यात चिरडली जातात.

गोव्याहून प्रवास

पणजीहून पुणे, नारायणगाव, संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने शेंडीपर्यंतचे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. चालकाची विश्रांती धरता हा पूर्ण दिवसाचा प्रवास होतो. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मडगावहून कोकण रेल्वेमार्गे उत्तरेकडे जाणारी मंगला एक्स्प्रेस कल्याण व नाशिकरोड येथे थांबते. कल्याणहून कसारा–इगतपुरी मार्गे किंवा नाशिकहून घोटीमार्गे रस्त्याने भंडारदरा गाठता येते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, हे आरक्षणापूर्वी पाहावे. एसटीच्या फेऱ्या शेंडी व राजूरपर्यंत मिळतात. रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांसाठी त्या विरळ असल्याने स्थानिक जीप आदल्या दिवशी ठरवून ठेवावी.

दोन दिवसांचा प्रवास धरता पाच दिवसांची सुटी या बेतास पुरेशी ठरते. पहिला दिवस प्रवासाचा. दुसऱ्या दिवशी अमृतेश्वर मंदिर, जलाशयाचा काठ आणि घाटघर पाहून पायांना सराव द्यावा. तिसऱ्या दिवशी कळसूबाई वा रतनगड यांपैकी एक. चौथा दिवस राखीव; हवा चांगली आणि गट ताजातवाना असेल तर दुसरी चढाई, अन्यथा रंधा धबधबा. पाचव्या दिवशी परती. राखीव दिवस नसलेला बेत पावसाने एक दिवस हिरावताच गटाला अवेळी चढाईकडे ढकलतो.

पाठीवर काय असावे

प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी हे प्राधान्य. उन्हाळ्यात ओढे आटलेले असतात आणि गडावरील टाक्यांचे पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावे. मीठ-साखरेची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, दशम्या वा पोळ्या, चांगली पकड असलेले बूट, पूर्ण बाह्यांचा सदरा, पावसाळी अंगरखा, शिटी आणि प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी असावी. एका भ्रमणध्वनीचा उजेड सहा जणांना पुरत नाही आणि मदत मागण्याच्या वेळी त्याचीच बॅटरी संपलेली असते. अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीस संपर्क मिळत नाही. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. गटाची नावे, वाट आणि परतण्याची अपेक्षित वेळ मुक्कामाच्या ठिकाणी लिहून द्यावी. ठरल्या वेळेनंतर किती तासांनी शोध सुरू करायचा, हेही त्यात नमूद असावे.

प्राथमिक उपचारांत चिकटपट्टी, लवचिक पट्टी, जंतुनाशक आणि नित्याची औषधे घ्यावीत. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा घट्ट आवळपट्टी बांधणे असे उपाय करू नयेत. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. राजूर येथे ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक दोन्ही राज्यांत चालतो. कातळकपारींत आग्या मोहोळे असतात. धूर, मोठा आवाज आणि उग्र सुगंधी द्रव्ये यांनी मधमाश्या चवताळतात.

अभयारण्य आणि गावे

हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेकरू, बिबट्या, तरस, भेकर या प्राण्यांचा येथे वावर आहे. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जवळ ठेवावी. जंगलात शेकोटी पेटविणे, ध्वनिक्षेपक लावणे आणि प्लास्टिक टाकणे यांस मनाई आहे. पठारावरील सुके गवत मार्चनंतर एका ठिणगीने पेट घेते.

येथील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी समाजाची आहे. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे याच मुलखातले. २ मे १८४८ रोजी ठाणे कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली. येथे अडविलेले पाणी कालव्यांनी प्रवराकाठच्या ऊसपट्ट्यापर्यंत जाते, पण काठावरच्या डोंगरी गावांची शेती आजही प्रामुख्याने पावसावरच अवलंबून आहे. भात निघाल्यानंतर अनेक घरांना वाटाडे, घरगुती भोजन आणि निवास यांतून उत्पन्न मिळते. बाहेरून सर्व सामग्री आणून केवळ कचरा मागे ठेवणारा पर्यटक त्यांच्या उपयोगाचा नाही. जेवण गावात सांगावे, ते आदल्या दिवशी सांगावे आणि वाटाड्याचा मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा. भातखाचरांच्या बांधावरून जाताना एकामागे एक चालावे. ओला बांध गर्दीच्या पायांनी खचतो आणि त्यासोबत खाचरातले पाणीही जाते.

वाटाड्या हवामान पाहून ‘आज नको’ म्हणाला, तर तो शब्द अखेरचा मानावा. गोव्याहून गेलेल्या गटास तो दिवस प्रवासखर्चाच्या हिशेबात दिसतो. गावकऱ्याला त्याच ओढ्यांचे अनेक पावसाळे ठाऊक असतात. अशा वेळी राखीव दिवस वापरावा, आणि तोही संपला असल्यास चढाई पुढील हंगामासाठी ठेवावी.